मी पुसलेली पहिली ओळ

आमच्या ऑफिसात सर नोकरीला आले त्या दिवशी मी त्यांना ओळखच दाखवली नाही. पाचवीपासून दहावीपर्यंत ज्यांनी मला कॉम्प्युटर शिकवला, ते सर कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसच्या दारात डब्याची पिशवी घेऊन उभे होते, आणि मी उगाच कीबोर्ड बडवत बसले. त्यांनीच मला आधी पाहिलं. "अगं, तू!" म्हणून पुढं आले. मग माझ्या आजूबाजूला बसलेली चार पोरं बघितली, हातातला कागद बघितला. माझ्या हाताखाली काम करायचंय असं त्यावर लिहिलेलं होतं. सर जागेवर थांबले आणि म्हणाले, "नमस्कार मॅडम."

"सर, मला मॅडम काय म्हणता," एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी नाही म्हणाले. खरं सांगायचं तर ते मॅडम मला गोड लागलं. आता आठवलं की कानशिलं तापतात.

सर कुरुंदवाडचे, मीही कुरुंदवाडची. शाळेत ते सतरा वर्षं कंत्राटावर होते. एका वर्षी पुढचं कंत्राट निघालं नाही. पंचेचाळिशी उलटलेला माणूस मग दोन वर्षं घरात बसून पीएचपी, म्हणजे वेबसाइट लिहायची भाषा, शिकला, तेही एकट्यानं. सरांच्या मिसेस, आमच्या बाई, डबे करून द्यायच्या, त्यावर घर चाललं होतं. आमच्या साहेबांनी त्यांना सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. सहा महिने काम बघायचं, पटलं तर कायम करायचं. सरांना तेवढंच पाहिजे होतं. सतरा वर्षं कंत्राट या शब्दाखाली काढलेल्या माणसाला 'कायम' या शब्दाची किती भूक असेल ते मला कळायला हवं होतं. आणि पटलं की नाही, हे साहेब मलाच विचारणार होते.

आमचं काम काय ते थोडक्यात सांगते. लोकांच्या वेबसाइट असतात. त्यांना एखादी नवी सोय हवी असते, म्हणजे तारीख बुक करायची, पावती काढायची, असलं काहीतरी. ती सोय वेगळी लिहायची आणि वेबसाइटला जोडायची, त्याला प्लगिन म्हणतात. प्लगिनमध्ये एकेका कामाचा कोड एकेका गठ्ठ्यात बांधतात आणि गठ्ठ्याला नाव देतात. तो क्लास. अट एकच. एकाच नावाचे दोन क्लास समोरासमोर आले की पीएचपी तिथंच बसकण मारते. पुढं एक पाऊल टाकत नाही.

आमच्याकडं 'मूळ' नावाचं एक फोल्डर होतं. आठ वर्षांपूर्वी मी लिहिलेलं पहिलं प्लगिन. नवं काम आलं की मूळची कॉपी करायची, आत चार बदल करायचे आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधायचं. त्यामुळं आमच्या प्रत्येक प्लगिनमध्ये 'बुकिंग' नावाचा क्लास, 'पावती' नावाचा क्लास, सगळी तीच नावं. पण एका गिऱ्हाइकाकडं आमचं एकच प्लगिन असायचं. आठ वर्षं काही बिघडलं नाही, म्हणून आमचंच बरोबर, असा माझा खाक्या होता. ऑफिसात मी मूळची आईच होते म्हणा ना. कुणी मूळला नाव ठेवलं की मी अंगावर जायची.

सरांना पहिलं मोठं काम आलं ते कागलजवळच्या हायवेवरच्या एका मंगल कार्यालयाचं. कार्यालयाच्या मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. हॉलची तारीख बुक करायचं प्लगिन मीच त्यांना दोन वर्षांपूर्वी करून दिलं होतं. आता त्यांना दुसरं हवं होतं, जेवणाचं. पंगत किती पानांची, गोड काय, तांबडा-पांढरा रस्सा आहे का शाकाहारी, सगळं घरबसल्या ठरवायचं. सरांनी तीन आठवड्यांत ते उभं केलं. आणि प्रत्येक फाइलच्या डोक्यावर त्यांनी एक ओळ लिहिली होती, जी आमच्या मूळमध्ये कुठंच नव्हती.

त्या ओळीला नेमस्पेस म्हणतात. खाली जे क्लास आहेत ते कुठल्या घरचे, एवढंच ती सांगते. चहाच्या वेळी पोरांनी सरांना विचारलं, हे कशाला? सरांनी कप खाली ठेवला, आणि मला तो आवाज ओळखीचा वाटला, आठवीच्या वर्गातला. "आपल्या गावात एकाच नावाची, एकाच आडनावाची चार माणसं असतात की न्हाय? तरी टपाल चुकत न्हाय. का? तर वर आळी लिहिलेली असते. नाव बदलायचं न्हाय, नुसती आळी लिहायची."

"च्यायला, एवढंच व्हय!" एक पोरगा म्हणाला. "सर, भारी सांगितलासा." दुसरा म्हणाला, मॅडम, मूळमध्ये पण टाकू या की हे.

झालं. माझं टाळकं सरकलं. एक तर मूळला नाव ठेवलं, आणि दुसरं म्हणजे... हे दुसरं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला नेमस्पेस येत नव्हतं. आठ वर्षं या धंद्यात, चार पोरांची मॅडम, आणि हे मला धड येत नव्हतं. कधी वाचायला घेतलं की काहीतरी अडायचं, मग मी म्हणायची, आपल्याला काय करायचंय. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. आणि आता ज्यांच्या पुढं मी वर्गात पहिला नंबर काढला होता, त्यांच्याच पुढं माझी पाटी कोरी निघणार होती.

मी म्हणाले, "सर, ही शाळा न्हाय. इथं मूळप्रमाणं काम चालतं."

कोल्हापुरात असं बोललं की त्याला तोडून बोलणं म्हणत नाहीत, सरळ बोलणं म्हणतात. पण आवाजात काय होतं ते पोरांना कळलं. सर म्हणाले, "बरं मॅडम. फक्त एकदा वाचून बघा. मग तुम्ही म्हणाल तसं."

मी वाचायला घेतलं. वाचायला म्हणजे खोट काढायला. मूळमधली एक ओळ सरांच्या फाइलमध्ये टाकून बघितली तर लाल अक्षरात आलं, असला क्लास सापडत नाही. समोर तर दिसतोय की मेला! सकाळभर मी त्याच्याशी झगडले. नुसती एक तिरकी रेघ द्यायची होती, क्लासच्या नावाआधी, एवढंच. ती मला ठाऊक नव्हती. सर माझ्यापासून सहा पावलांवर बसले होते. "सर, हे असं का होतंय हो?" म्हटलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं. शाळेत हेच वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणायची.

दुपारी दीडला सगळे डबे घेऊन गच्चीत गेले. सरांनी जाताना म्हटलं, "मॅडम, मशीन चालूच ठेवलंय. काही बघायचं असलं तर बघा." मी त्यांच्या खुर्चीत जाऊन बसले. अकरा फाइली होत्या. अकराच्या अकरा फाइलींमधून मी ती पहिली ओळ पुसली. कोडमध्ये बदल केला की त्याची नोंद होते, कुणी केला, किती वाजता, कशासाठी. कशासाठीच्या जागी मी लिहिलं, 'मूळप्रमाणं केलं'. कुणी केला ते मशीन आपोआप लिहितं, आणि मशीन सरांचं होतं. नोंद सरांच्या नावावर पडली.

ते मी बघितलं होतं. बघितलं नव्हतं असं म्हणायला मला फार आवडलं असतं. मनात म्हटलं, नंतर सांगू की.

सर जेवून आले तर मी माझ्या जागेवर. म्हणाले, "बघितलंत?" मी म्हणाले, "बघितलं. ठीक हाय. आता तुम्ही दुसरं घ्या." आणि त्यांना एका दवाखान्याच्या वेबसाइटचं काम लावून दिलं. जेवणाच्या प्लगिनकडं त्यांनी परत बघूच नये अशी सोय केली. चाचणीसाठी आमची एक रिकामी वेबसाइट होती. तिच्यावर सरांचं प्लगिन एकटंच चढवलं, झक्कास चाललं. मी केलेलं हॉलचं जुनं प्लगिन त्या वेबसाइटवर नव्हतंच. त्याचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

अण्णांनी जेवणाच्या बुकिंगसाठी मुहूर्त काढला. हसू नका, आमच्याकडं ट्रॅक्टर असो का वेबसाइट, नारळ फोडल्याशिवाय चालू होत नाही. कार्यालयाच्या हॉलमध्ये टेबलावर लॅपटॉप, त्याला हळद-कुंकू, वर झेंडूचा हार. हार पडद्यावर येत होता म्हणून मीच तो बाजूला केला. इचलकरंजीचं एक कुटुंब पहिल्या बुकिंगसाठी बोलावलं होतं, मुलीचं लग्न होतं त्यांच्या. आमचे साहेब आले होते, मी होते. सर ऑफिसात होते. भटजींनी "करा" म्हटलं, मुलीच्या वडिलांनी बटण दाबलं.

पान पांढरं. नुसतं पांढरं, आणि वर इंग्रजीत एक ओळ, की हे नाव आधीच वापरलेलं आहे. माझा 'बुकिंग' आणि सरांचा 'बुकिंग' एकाच पानावर समोरासमोर आले होते. दोघांच्याही डोक्यावर आळी नव्हती. माझ्यावर कधी नव्हतीच, सरांच्यावरची मीच पुसली होती.

"ह्यो काय परकार म्हनायचा?" अण्णा कडाडले. "नारळ फोडला, आन् पान पांढरं? पावणं बोलवून माझी शोभा करताय व्हय!" मुलीची आई वडिलांच्या कानाशी लागली, आणि दोघंही "येतो की परत" म्हणून उठले. लग्नाच्या कामात पहिल्याच पायरीला असं झाल्यावर कोण थांबतंय? अण्णांनी हातातली नारळाची वाटी टेबलावर आपटली. साहेबांचा चेहरा उतरला.

मला एका क्षणात सगळं कळलं होतं. मी लॅपटॉप ओढला, सरांनी लिहिलेली आधीची प्रत शोधली, आणि माझ्या हातानं पुसलेली अकराही फाइलींची ओळ परत जागेवर आणली. पान उघडलं. पहिल्या फटक्यात उघडलं. साहेब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तू होतीस म्हणून." अण्णांनी मला पेढा दिला. तो पेढा मी खाल्ला. शी! आजही पेढा समोर आला की मला त्या हॉलमधली ती मी दिसते, तोंडात पेढा घेऊन मान हलवणारी.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना बसवलं. भिंतीवर मोठ्या पडद्यावर नोंदी लावल्या. "ओळ आधी होती. मग कुणीतरी काढली. बघू कुणी काढली ते." नोंद पडद्यावर आली, दुपारी एक वाजून बेचाळीस मिनिटं, 'मूळप्रमाणं केलं', आणि सरांचं नाव.

सर उठले. खिशातून चष्मा काढला, पडद्याजवळ गेले, आणि ती ओळ दोनदा वाचली. मग वळून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

ती नजर मी विसरलेले नाही. मला वाटलं, कळलं यांना. आता बोलणार. वहीवर मी रेघोट्या ओढत बसले, मूग गिळून. बोल की, बोल की, असं आतून कुणीतरी ओरडत होतं. आणि मी तापट म्हणून गावभर मिरवणारी बाई, रस्त्यात रिक्षावाल्याशी भांडणारी, बँकेत काउंटरवर हात आपटणारी, माझ्या तोंडातून एक अक्षर फुटेना.

सर हळू आवाजात म्हणाले, "नाव तर माझंच हाय. म्हणजे मीच केलं असणार."

मला वाटलं, ते मला वाचवतायत. आपल्या विद्यार्थिनीला पाठीशी घालतायत. मी त्यांच्यावर उलट चिडले. कशाला एवढा मोठेपणा? मला लाज वाटावी म्हणून? असंच असतं. आपण ज्याच्याशी वाईट वागतो, त्याचाच आपल्याला राग येतो.

सहा महिने भरायला चार आठवडे राहिले होते. साहेबांनी मला आत बोलावून विचारलं, "काय करायचं सरांचं? माणूस चांगला आहे. पण वय झालं की लक्ष राहत नाही बघ." तेव्हाही सांगता आलं असतं. दार बंद होतं, आम्ही दोघंच होतो. मी म्हणाले, "बघा, तुम्ही ठरवा." साहेब म्हणाले, लेखी दे. मी लिहून दिलं, 'अजून बराच वेळ द्यावा लागेल असं वाटतं.' इतकं गुळमुळीत वाक्य मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. सरांना कायम केलं नाही. शेवटच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले, दोन्ही हात जोडले. म्हणाले, "मॅडम, माझ्यामुळं तुमचं काम वाढलं. माफ करा." मी मान वर न करता म्हणाले, "असू दे हो सर." असू दे, म्हणे.

मग चौदा महिने गेले.

चौदा महिने मी काय केलं? काम केलं, जेवले, गणपतीत नाचले. नाही म्हणायला कुरुंदवाडला आईकडं गेले की सरांच्या गल्लीतनं जायचं टाळायची, घाटाकडून लांबचा फेरा मारून जायची. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. आई विचारायची, इकडनं का आलीस गं? मी म्हणायची, हवा बरी असती.

मग ऑफिसात ठरलं की मूळ नव्यानं लिहायचं, नेमस्पेस घालून. एकाच गिऱ्हाइकाकडं आमची दोन-दोन प्लगिनं जायला लागली होती, इलाजच नव्हता. मला शिकणं भाग पडलं. दोन दुपारी लागल्या. दोन! ज्याच्यासाठी मी एका माणसाची नोकरी घालवली ते दोन दुपारींचं काम होतं. ती तिरकी रेघही सापडली. नमुना म्हणून मी सरांच्या त्या जुन्या अकरा फाइली उघडल्या. काय नीट लिहिलं होतं! प्रत्येक क्लास आपल्या घरात, प्रत्येकाच्या वर मराठीत दोन शब्द, हा काय करतो म्हणून. पाचवीतल्या पोरालाही कळावं असं.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, "तुझे ते कॉम्प्युटरचे सर गं, इकडं येऊन घरी शिकवणी घेत हुते, तीबी बंद केली म्हणं त्यांनी. घरातच असत्यात." आईच्या दृष्टीनं ती गावची एक बातमी होती. मला जेवण गेलं नाही.

शनिवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं ओकून टाकलं. साहेबांनी विचारलं, "मला त्याच दिवशी का नाही सांगितलंस?" मग स्वतःच म्हणाले, "चूक झाली त्याचं काही नाही. पण मी त्या माणसाला घरी बसवलं की गं. जा, बोलव त्यांना. यायचं असेल तर कायम म्हणूनच घेतो. सोमवारी सगळ्यांसमोर मात्र तू सांगायचंस."

रविवारी सकाळच्या एसटीनं मी कुरुंदवाडला गेले. आईकडं न जाता सरळ सरांच्या दारात. वाटेत मी बोलायचं सगळं पाठ केलं होतं. दार सरांनीच उघडलं. केस पिकले होते, अंगावर बनियन. मला बघून चेहरा फुलला. "अगं, ये ये! कोण आलंय बघ गं," आत हाक मारली. मॅडम नाही, तुम्ही नाही.

बसल्यावर त्यांनी खिशातून एक छोटी वही काढली, पेन काढलं आणि काहीतरी टिपलं. मला वाटलं, दुधाचा हिशेब असेल. बाईंनी आतून विचारलं, चहा का कॉफी? सरांनी सांगितलं, चहा. तेही वहीत लिहिलं.

पाठ केलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. मी म्हणाले, "सर, ती ओळ मी पुसली हुती."

"कुठली ओळ?"

"कागलच्या कार्यालयाच्या कामातली. तुम्ही जेवायला गच्चीत गेल्तासा. मी तुमच्या खुर्चीत बसून पुसली. अकराही फाइलींतली. नाव तुमचं पडलं, ते मला म्हाईत हुतं. मी गप्प बसलो, सर." आमच्याकडं बाया असं बाप्यासारखं बोलतात, बसलो, गेलो. मन भरून आलं की मला तेच तोंडात येतं.

मला वाटलं होतं ते म्हणतील, ठाऊक होतं गं मला. त्या वाक्याची मी चौदा महिने धास्ती घेतली होती. सर तसं म्हणाले नाहीत. ते पुढं सरकले, अगदी माझ्या तोंडाजवळ आले, आणि म्हणाले, "म्हणजे मी न्हवती काढली?"

"न्हाय सर."

"नक्की? नीट आठव. नक्की मी न्हाय?"

"नक्की. शपथ घेऊन सांगतो."

सर उठून उभे राहिले. परत बसले. परत उठले. "अगं ए!" त्यांनी आत हाक मारली, आणि तो आवाज कसा होता ते मला लिहिता येत नाही. "अगं ऐकलंस का? मी विसरलो न्हवतो! मी काढलीच न्हवती ती! मी लिहिलेलं मला बरोबर आठवत हुतं!" आणि हा माणूस हसायला लागला, आणि हसता हसता डोळे पुसायला लागला.

मला काहीच कळेना. मग त्यांनीच सांगितलं, घाईघाईनं, पोरासारखं. त्या दिवशी पडद्यावर आपलं नाव बघून त्यांची बोबडी वळली होती. आपण ती ओळ लिहिल्याचं त्यांना लख्ख आठवत होतं, पुसल्याचं काहीच आठवत नव्हतं, आणि समोर तर पुरावा. त्यांचे वडील शेवटी घरातल्या कुणालाच ओळखत नव्हते. त्यांना वाटलं, आपलंही सुरू झालं. मिरजेला जाऊन तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, काही नाही. पण सरांना ते पटेना, डोळ्यांनी बघितलं होतं ना. पोरांना चुकीचं शिकवू म्हणून शिकवणी सोडली. गाडी चालवायची सोडली. त्या दिवशी पडद्याजवळून वळून त्यांनी माझ्याकडं बघितलं, ते मला धरायला नव्हतं. "म्हटलं, तुला आठवत असेल," सर म्हणाले. "तू हुशार. तू सांगशील, असं न्हाय झालं म्हणून."

साहेबांनी बोलावलंय, कायम करतायत, हे मी कसंबसं सांगितलं. सरांचं तिकडं लक्षच नव्हतं. ते अंगणात गेले, शेजाऱ्यांना हाक मारून सांगायला.

बाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी तो मला दिला नाही, खाली ठेवला. सरांची वही खुर्चीवर राहिली होती, ती उचलून माझ्या हातात दिली. "वाच," म्हणाल्या.

मी उघडली. गॅस बंद केला. कुलूप लावलं, दोनदा बघितलं. डाव्या खिशात किल्ली. आणि प्रत्येक पानावर, रोजच्या तारखेखाली, ठळक अक्षरात तीन नावं. बाईंचं पूर्ण नाव, त्यांच्या मुलीचं, आणि सरांचं स्वतःचं.

"रोज सकाळी उठल्या उठल्या ह्यांनी हे लिवायचं," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "आन् चुलीपाशी येऊन मला दाखवायचं. म्हणायचं, बरोबर हाय का गं हे, बघ की जरा."